नागीण : पहिले ७२ तास आणि मेडिकलचा काउंटर

नागीण वेळेवर ओळखू येत नाही, कारण ती दिसण्याआधी दुखायला लागते. बरगडीखाली, पाठीच्या एका बाजूला, कमरेला किंवा कपाळावर आग होते, टोचतं, मुंग्या येतात, मधूनच जीवघेणी कळ जाते. आणि कातडीवर पाहावं तर काहीच नसतं. नागपुरात अशा वेळी मे महिना असेल तर घामोळ्या समजून पावडर लावली जाते, पाऊस सुरू झाला असेल तर रात्री किडा फिरला असं समजून हळद, आणि थंडीत लचक भरली म्हणून बाम. दोन-तीन दिवसांनी फोड उठले की घरातलं जुनं माणूस सांगतं, ही तर नागीण निघाली. मग कुणीतरी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मेडिकलवर जातं : "भाऊ, लय आग होऊन राहिली, काही मलम द्या ना."

हे वाक्य ज्या वेळी बोललं जातं, ती वेळ फार मोलाची असते. नागिणीवर औषध आहे आणि ते वर्षानुवर्षं वापरात आहे. पण फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झालं, तरच त्याचा पुरता उपयोग होतो. हे तीन दिवस लेप, बाम आणि मलमात गेले तर ते परत मिळत नाहीत. म्हणून नागीण कशी होते, कशी ओळखायची, मेडिकलवाल्याकडून कोणत्या मदतीची अपेक्षा ठेवायची आणि डॉक्टरांकडे किती घाईनं जायचं, हे नीट समजून घेऊ.

कांजिण्या जातात, विषाणू राहतो

नागीण बाहेरून येत नाही. लहानपणी किंवा तरुणपणी ज्यांना कांजिण्या झाल्या, त्यांच्याच शरीरात ती आधीपासून दबून बसलेली असते. दोन्ही आजारांचा विषाणू एकच : व्हॅरिसेला झोस्टर. कांजिण्यांचे फोड सुकतात, खपल्या पडतात, मूल शाळेत जायला लागतं. पण विषाणू पूर्ण नाहीसा होत नाही. कण्याच्या दोन्ही बाजूंना आणि मेंदूच्या तळाशी मज्जातंतूंच्या गाठी असतात. त्या गाठींमधल्या पेशींत तो शिरतो आणि निपचित पडून राहतो, दहा वर्षं, चाळीस वर्षं, कधीकधी जन्मभर.

शरीराची प्रतिकारशक्ती त्याला दाबून ठेवते. वय वाढलं, मधुमेह जडला, कर्करोगावरचे उपचार सुरू झाले, अवयव प्रत्यारोपण झालं, बराच काळ स्टिरॉइड घ्यावं लागलं किंवा एचआयव्हीची लागण असेल, तर हा पहारा ढिला पडतो. मग विषाणू एखाद्या गाठीत जागा होतो, वाढतो आणि त्या गाठीतून निघणाऱ्या नसेतून कातडीकडे सरकतो. वाटेत नस सुजते, म्हणून आधी दुखतं. कातडीपर्यंत पोचला की फोड येतात, म्हणून दिसतं नंतर. दुखणं आणि दिसणं यांत जो एक ते पाच दिवसांचा फरक पडतो, त्याचं कारण हा प्रवास आहे.

हा शोध लागायला वेळ लागला. नागीण झालेल्या मोठ्या माणसांच्या घरात मुलांना कांजिण्या होतात, हे हंगेरीतल्या बोकाय या बालरोगतज्ज्ञांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच टिपलं होतं. दोन्हींचा विषाणू एकच आहे, हे अमेरिकेतल्या थॉमस वेलर यांनी १९५० च्या दशकात प्रयोगशाळेत दाखवलं. आणि जुना विषाणूच पुन्हा उठतो, बाहेरून नवा येत नाही, ही मांडणी एडगर होप-सिम्पसन यांनी १९६५ साली केली. ते कोणत्या मोठ्या संस्थेतले संशोधक नव्हते. इंग्लंडमधल्या सायरनसेस्टर या छोट्या गावात ते दवाखाना चालवायचे, आणि आपल्याच रुग्णांच्या सोळा वर्षांच्या नोंदींवरून त्यांनी हे मांडलं.

एकाच बाजूला, एकाच पट्ट्यात

शरीराच्या प्रत्येक बाजूची कातडी नसांनी वाटून घेतली आहे. छातीवरची एक नस कण्यापासून निघते, बरगडीच्या कडेनं पुढे येते आणि छातीच्या मध्यरेषेपाशी थांबते. पलीकडची बाजू पलीकडच्या नसेकडे असते. विषाणू सहसा एकाच नसेतून येतो, म्हणून फोडही तेवढ्याच पट्ट्यात उठतात आणि मध्यरेषेपाशी थांबतात. अर्धाच कमरपट्टा बांधावा, तसं ते दिसतं.

आपल्याकडे एक भीती घरोघरी आहे : नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं, विळखा पूर्ण झाला, की माणूस वाचत नाही. विळखा पूर्ण होत नाही, कारण त्या नसेची हद्दच मध्यरेषेपाशी संपते. दोन्ही बाजूंना एकदम नागीण निघणं फार दुर्मीळ आहे, आणि निघाली तरी दोन टोकं भेटल्यानं कुणी दगावत नाही. या भीतीपोटी नागीण उतरवून घ्यायला नेण्यात पहिले दोन दिवस जातात, हे नुकसान मात्र खरं आहे.

नागीण सगळ्यांत जास्त वेळा छाती-पाठीवर निघते. त्याखालोखाल चेहऱ्यावर, विशेषतः कपाळ आणि डोळ्याभोवती. मग मान, कंबर, मांडी.

दिवसांचा क्रम साधारण असा असतो. आधी आग, टोचणं, बधिरपणा; कुणाला कपड्याचा स्पर्शही सहन होत नाही, कुणाला कणकण येते. मग तिथली कातडी लाल होते. त्या लाल डागांवर पाण्यानं भरलेल्या बारीक फोडांचे झुबके उठतात. तीन ते पाच दिवस नवे फोड येत राहतात, पाणी गढूळ होतं, सात ते दहा दिवसांत खपल्या धरतात आणि दोन ते चार आठवड्यांत कातडी भरून येते.

ओळखण्यासाठी चार प्रश्न

आरशासमोर उभं राहून, किंवा घरातल्या कुणाला पाठ दाखवून, हे चार प्रश्न विचारा.

फोड शरीराच्या एकाच बाजूला आहेत का? ते एखाद्या पट्ट्यात, ओळीनं आहेत का? एकेक सुटा फोड नसून झुबके आहेत का? आणि फोड दिसण्याच्या आधीपासून त्याच जागी दुखत होतं का?

चारही उत्तरं 'हो' असतील, तर नागीण असण्याची शक्यता फार मोठी. दोन-तीन 'हो' असली तरी डॉक्टरांना दाखवायचंच.

घोटाळा होतो तो या दुखण्यांशी. घामोळ्या दोन्ही बाजूंना असतात आणि त्यांना खाज जास्त, कळ कमी. पावसाळ्यात दिव्याभोवती येणारा एक किडा अंगावर चिरडला गेला की भाजल्यासारखा लांबट पट्टा उठतो. तो बहुधा मान, चेहरा, हात अशा उघड्या भागावर असतो आणि त्याच्या आधी दोन-तीन दिवस दुखलेलं नसतं. गजकर्ण गोल असतं, कडेनं वाढतं आणि हळूहळू पसरतं. ओठावर पुन्हा पुन्हा येणारे फोड निराळ्या विषाणूचे असतात.

फोड येण्याआधीच्या दिवसांत तर मोठे डॉक्टरही चकतात. डाव्या छातीतली कळ हृदयाची वाटते, उजव्या कुशीतली पित्ताशयाची, कमरेतली मुतखड्याची. छातीत दुखत असेल तर आधी हृदय तपासून घ्या. ही नागीणच असेल असं धरून घरी बसू नका. ईसीजी चांगला निघाला आणि दुखणं तसंच राहिलं, तर रोज सकाळी ती जागा उजेडात पाहा. पहिला फोड दिसला की त्याची वेळ लिहून ठेवा. ७२ तास तिथून मोजायचे.

७२ तासच का?

फोड उठतात तेव्हा विषाणू झपाट्यानं आपल्या प्रती काढत असतो. पहिल्या तीन दिवसांत हे काम जोरात चालतं, मग शरीराची प्रतिकारशक्ती त्याला आवरते. औषध या प्रती काढण्यालाच अडवतं. काम उरकल्यावर औषध आलं, तर त्याला अडवायला फारसं काही उरत नाही. नसेला व्हायची ती इजा होऊन गेलेली असते.

हे औषध म्हणजे असायक्लोव्हिर. त्याची रचना बारकाईची आहे. गोळी पोटात जाते तेव्हा ते निष्क्रिय असतं. विषाणू ज्या पेशीत शिरला आहे, तिथं विषाणूचंच एक एन्झाइम त्याला जागं करतं. निरोगी पेशींत ते एन्झाइम नसतं, म्हणून तिथं औषध जवळपास गप्प राहतं. विषाणू स्वतःच्या हातानं आपल्याला रोखणारं रसायन तयार करतो. या औषधामागे ज्यांचं काम होतं, त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

मोठ्या माणसाला साधारणपणे ८०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून पाच वेळा, सात दिवस देतात; म्हणजे ३५ गोळ्या. सकाळी ६, सकाळी १०, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री १० असं वेळापत्रक कागदावर लिहून भिंतीला लावलं तरच ते पाळलं जातं. व्हॅलासायक्लोव्हिर पोटात गेल्यावर असायक्लोव्हिरच बनतं, पण रक्तात जास्त पोचतं. म्हणून ते १ ग्रॅम दिवसातून तीनदाच, सात दिवस, म्हणजे २१ गोळ्या. फॅमसायक्लोव्हिर हा तिसरा पर्याय. चिठ्ठी वाचताना कळावी म्हणून हे आकडे दिले. स्वतःहून घ्यायला नव्हे. मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा कमी करावी लागते आणि ते डॉक्टरच ठरवू शकतात.

नागपूरकरांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. हे औषध मूत्रपिंडातून बाहेर पडतं आणि शरीरात पाणी कमी असेल तर तिथंच अडकून इजा करू शकतं. पारा ४५ अंशांवर असताना, घाम गाळत, वरून दुखण्यासाठी डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या घेत हा कोर्स केला, तर मूत्रपिंडावर तिहेरी ताण येतो. म्हणून दिवसभर पाणी प्या, आणि दुखण्याची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या.

७२ तास उलटून गेले असले तरी डॉक्टरांकडे जायचंच. नवे फोड अजून येत असतील, डोळ्याजवळ असतील किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल, तर उशिरानंही औषध देतात.

काउंटरवर काय घडायला हवं

इंग्लंडमध्ये ३१ जानेवारी २०२४ पासून 'फार्मसी फर्स्ट' नावाची सोय सुरू झाली. सात साध्या आजारांसाठी तिथला फार्मासिस्ट ठरवून दिलेल्या पद्धतीनं रुग्णाला तपासतो आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय औषध देऊ शकतो. त्या सातांत प्रौढांची नागीण आहे. डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत ७२ तास निघून जाऊ नयेत, हे त्याचं मोठं कारण.

आपल्याकडे कायदा वेगळा आहे. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि त्याखालचे १९४५ चे नियम यांनुसार ही औषधं अनुसूची 'एच'मध्ये येतात. नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. पट्टीवर तशी सूचना छापलेली असते. म्हणून "नागिणीच्या गोळ्या द्या" असा आग्रह मेडिकलवाल्याला करू नये, आणि त्यानंही त्याला बळी पडू नये. पण ओळखणं, वेळ वाया जाऊ न देणं आणि योग्य ठिकाणी पाठवणं याला कायद्याची आडकाठी नाही. काउंटरवर असं बोलणं व्हायला हवं :

"काकू, फोड कुठं आले?"

"हे पाहा ना, डाव्या कुशीत. पाठीपासून पुढंपर्यंत."

"उजवीकडं काही?"

"नाही."

"फोडांच्या आधी तिथं दुखत होतं?"

"दोन दिवस झाले. मला वाटलं गॅस धरला."

"पहिला फोड कधी दिसला?"

"काल संध्याकाळी."

"मग मलम नका घेऊ, काकू. ही नागीण वाटून राहिली. आजच डॉक्टरांना दाखवा, उद्यावर नका टाकू. शुगर आहे का? किडनीचा काही त्रास? कोणत्या गोळ्या चालू आहेत, त्या सोबत न्या."

एवढ्या बोलण्याला दोन मिनिटंही लागत नाहीत. डॉक्टरांना लागणारी अर्धी माहिती त्यात गोळा होते आणि रुग्णाचा एक दिवस वाचतो. चिठ्ठी घेऊन काकू परत आल्या की फार्मासिस्टचं दुसरं काम सुरू होतं : पाच वेळांचं गणित समजावणं, पाणी प्यायची आठवण देणं, फोड सुकले तरी कोर्स अर्धवट सोडू नका हे सांगणं. महाग वाटलं तर त्याच औषधाची जेनेरिक गोळी किंवा जनऔषधी केंद्राचा पर्याय विचारायला संकोच करू नका.

काउंटरवरून दोन गोष्टी घरी आणू नयेत. एक, स्टिरॉइड, बुरशीविरोधी आणि अँटिबायोटिक अशी तिन्ही औषधं एकत्र असलेलं मलम. 'सगळ्या खाजेवर चालतं' म्हणून ते दिलं-घेतलं जातं. नागिणीवर त्याचा उपाय होत नाही आणि स्टिरॉइड तिथली प्रतिकारशक्ती आणखी दाबतं. दोन, असायक्लोव्हिरचं नुसतं मलम. विषाणू नसेत आहे. वरून लावलेलं औषध तिथं पोचत नाही. नागिणीला पोटातूनच औषध लागतं.

त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात कधी?

एरवी घराजवळचे फॅमिली डॉक्टर किंवा त्वचारोगतज्ज्ञ पुरेसे आहेत. नागपुरात सरकारी उपचार हवे असतील तर मेडिकल चौकातलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालय, मेयो रुग्णालय आणि मिहानमधलं एम्स आहे. बाह्यरुग्ण विभागात सकाळीच पोचावं, म्हणजे तपासणी आणि औषध एकाच दिवसात होतं.

पण पुढच्या खुणांपैकी एकही दिसली तर सकाळची वाट पाहायची नाही. कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड. नाकाच्या शेंड्याची आणि डोळ्याची नस एकाच शाखेतून निघते, त्यामुळे तिथला फोड डोळ्याच्या धोक्याची सूचना असतो. नेत्रतज्ज्ञांनी त्याच दिवशी पाहायला हवं, नाहीतर दृष्टी जाऊ शकते. कानात फोड आणि त्याच बाजूचं तोंड वाकडं होणं, चक्कर किंवा ऐकू कमी येणं. पट्टा सोडून अंगभर फोड. तीव्र डोकेदुखी, मान ताठणं, असंबद्ध बोलणं. आणि ज्यांचे कर्करोगाचे उपचार चालू आहेत, प्रत्यारोपण झालं आहे किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांना कुठंही नागीण दिसली तरी.

घरातली काळजी

नागीण झालेल्या माणसाकडून दुसऱ्याला नागीण होत नाही. पण फोडांतल्या पाण्यात विषाणू असतो, आणि ज्याला कधी कांजिण्या झाल्या नाहीत वा लस मिळाली नाही, त्याला त्यातून कांजिण्या होऊ शकतात. म्हणून खपल्या धरेपर्यंत फोड सैल सुती कापडानं झाका, हात धुवा, टॉवेल वेगळा ठेवा. तान्ह्या बाळापासून आणि कांजिण्या न झालेल्या गरोदर बाईपासून दूर राहा. आंघोळ बंद करायची गरज नाही. साध्या पाण्यानं अंग धुवा, जागा हलक्या हातानं टिपून कोरडी करा.

गेरूचा लेप, दुर्वा-तांदळाचं वाटण हे उपाय आपल्या घरांत मायेनं केले जातात. त्यांचा थंडावा क्षणभर बरा वाटतो, पण फुटलेल्या फोडांवर माती आणि ओला लेप बसला की जखम पिकते. शिवाय गेरूखाली फोड झाकले गेले की डॉक्टरांना पाहायचं तेच दिसत नाही. गारवा हवा असेल तर स्वच्छ पाण्यात भिजवलेली पट्टी ठेवा.

फोड गेल्यावरही दुखणं तीन महिन्यांहून जास्त रेंगाळलं, तर ती नसेला झालेल्या इजेची वेदना असते. वय जितकं जास्त, तितकी तिची भीती जास्त. साडीचा काठ लागला, पंख्याचा वारा लागला तरी आग होते. झोप उडते, जेवण तुटतं. साध्या वेदनाशामकांनी ती थांबत नाही. प्रीगॅबालिन, गॅबापेन्टिन, अमिट्रिप्टिलिन अशी नसेवरची औषधं डॉक्टर हळूहळू वाढवत देतात. ती अचानक बंद करू नयेत. लवकर औषध घेतल्यानं फोड लवकर भरतात आणि सुरुवातीचं दुखणं कमी होतं, हे नक्की. ही मागे रेंगाळणारी वेदना मात्र लवकर औषध घेऊनही काहींना होते. तिच्यावर खरा उपाय नागीण होऊच न देण्याचा आहे.

लस

नागिणीवरची 'शिंग्रिक्स' ही लस भारतात २०२३ मध्ये आली. तिच्यात जिवंत विषाणू नाही. विषाणूच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन आणि प्रतिकारशक्तीला चालना देणारा घटक आहे. पन्नाशी उलटलेल्यांना दोन ते सहा महिन्यांच्या अंतरानं दोन डोस देतात. मोठ्या चाचण्यांत पन्नाशीपुढच्या लोकांत तिनं ९० टक्क्यांहून जास्त संरक्षण दिलं. दोन-तीन दिवस दंड दुखतो, कणकण येते, थकवा राहतो. ती सरकारी लसीकरणात नाही आणि महाग आहे, त्यामुळे प्रत्येक घराला परवडणार नाही. पण मधुमेह असलेल्या, साठी ओलांडलेल्या आईवडिलांसाठी ती घ्यावी का, हा प्रश्न पुढच्या भेटीत डॉक्टरांना जरूर विचारा. एकदा नागीण होऊन गेली असली तरी बरं झाल्यावर लस घेता येते, कारण नागीण दुसऱ्यांदाही होऊ शकते.

ज्यांना लस मिळालेली नाही, त्यांच्यासाठी पहिले तीन दिवस हीच संधी आहे. म्हणून डॉक्टरांसमोर बसलात की सगळ्यांत आधी हे सांगा : दुखणं कधी सुरू झालं, पहिला फोड कोणत्या दिवशी, किती वाजता दिसला, शुगर किंवा किडनीचा त्रास आहे का, आणि कोणती औषधं चालू आहेत. आणि तुम्ही मेडिकलच्या काउंटरपलीकडे उभे असाल, तर मलमाची ट्यूब काढण्याआधी एवढंच विचारा : "फोड एकाच बाजूला आहेत का?"